फॉन्ट तोच, पानं वेगळी

या खेपेची पत्रं वाचताना जाणवलं की प्रश्न निरनिराळे असले तरी दुखणं एकच आहे. अक्षरजुळणीचं मुक्त सॉफ्टवेअर घेतलं, मुक्त फॉन्ट घेतला, मजकूर ओतला आणि मग मध्येच कुणीतरी आपल्याला न विचारता काहीतरी ठरवून टाकलं. कुणी ठरवलं, हे मात्र पत्रलेखकाला सापडत नाही. बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलून हे सदर आज फॉन्टलाच देते.

प्रश्न : मी आणि माझी सहसंपादक एकाच फाइलवर काम करतो. सॉफ्टवेअर तेच, फॉन्टचं नाव तेच. माझ्याकडे पुस्तक 212 पानांचं होतं, तिच्याकडे 215. फॉन्ट सांभाळणं हे सॉफ्टवेअरचं काम नाही का?

उत्तर : नाव तेच आहे, पण फॉन्ट तोच आहे का ते आधी बघा. प्रत्येक फॉन्टच्या माहितीत आवृत्तीचा आकडा असतो. दोघींच्या यंत्रांवरचे आकडे ताडून पाहिलेत की बहुतेक तिथेच उलगडा होईल.

मुक्त फॉन्ट करणारी मंडळी त्याच्यावर हात फिरवत राहतात. समजा, नव्या आवृत्तीत कान्याची रुंदी हजार एककांच्या चौकटीत चार एककांनी वाढली. बारा पॉइंटाच्या अक्षरात ही वाढ पॉइंटाच्या विसाव्या भागाएवढी. भिंग लावूनही दिसणार नाही. पण मराठी ओळीत दहा-बारा काने सहज येतात. सगळ्यांची मिळून अर्धा पॉइंट वाढ झाली की काठावर बसलेला शब्द खालच्या ओळीत पडतो, परिच्छेद एका ओळीने वाढतो, आणि दोनशे पानांत असे परिच्छेद किती असतील ते तुम्हीच मोजा.

हा धडा मला एका शब्दसूचीने दिला. तीनशेहून अधिक पानांचं एक चरित्र होतं. सूची लेखकाने स्वतः, पानांचे आकडे हाताने घालून केली होती, आणि मी ती तशीच जुळवली. मधल्या काळात माझ्या संगणकाने आपणहून फॉन्टची नवी आवृत्ती बसवून घेतली. शेवटची पीडीएफ काढताना पान 140 पासून पुढचं सगळं एका पानाने सरकलं होतं. मी पहिली वीस पानं आणि शेवटची दहा पानं चाळली आणि फाइल छपाईला धाडली. सूचीतले अर्धे आकडे चुकीचे छापले गेले. कळलं ते पुस्तक हातात आल्यावर, आणि तेही लेखकालाच आधी.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी 1977 साली टेक् हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला तो, कोणत्याही यंत्रावर आणि कितीही वर्षांनी तीच फाइल तशीच जुळली पाहिजे, या हट्टाने. त्यासाठी त्यांनी दोन युक्त्या केल्या. पहिली : टेक् अक्षराचा आकार बघतच नाही. त्याला अक्षराची रुंदी, उंची आणि खोली सांगणारी एक छोटी फाइल पुरते. दुसरी : सगळं मोजमाप पूर्णांकांत. टेक्-चं सर्वांत लहान माप म्हणजे पॉइंटाचा 65,536वा भाग. मिलिमीटरच्या हिशेबात ते दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कितीतरी लहान पडतं. एवढ्या बारकाईची गरज कुणालाच नव्हती. पूर्णांकांची बेरीज मात्र प्रत्येक यंत्रावर सारखीच येते, दशांशांची त्या काळी येत नसे. पुढे 1990 च्या सुमारास क्नूथ यांनी टेक् गोठवलं. आता फक्त चुका दुरुस्त होतात, आणि दर दुरुस्तीला आवृत्तीचा आकडा गणितातल्या पायच्या (π) दिशेने एक अंक पुढे सरकतो. सध्या तो 3.141592653 आहे. आपल्या पश्चात आवृत्ती पाय करायची आणि उरलेल्या चुकांना वैशिष्ट्यं म्हणायचं, असं त्यांनी सांगून ठेवलंय.

या स्थैर्याची किंमत आपल्यासारख्यांनी मोजली. रुंदी-उंचीच्या त्या छोट्या फाइलीत एका फॉन्टची 256 अक्षरं मावतात, आणि त्या 256 जणांत मिळून उंचीची मूल्यं फक्त सोळा. रोमनला हे सैल पडतं. जोडाक्षरांच्या देवनागरीला अंगरखा काखेत काचतो. फ्रान्स व्हेल्थाउस यांनी 1991 मध्ये यातूनही वाट काढली : मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा, एका वेगळ्या प्रोग्रॅममधून गाळून घ्यायचा आणि मग टेक्-ला द्यायचा. मी तशी दोन पुस्तकं लावली आहेत. प्रुफं तपासणाऱ्याला मूळ फाइल दाखवायची सोय नव्हती, कारण त्यात मराठी अक्षरच नसे.

जोनाथन क्यू यांचं झीटेक्, म्हणजे टेक्-चा नवा अवतार, 2004 साली आलं आणि दार उघडलं. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत) मजकूर थेट लिहा, यंत्रावर बसवलेला कुठलाही फॉन्ट नावाने मागा. तुमची तीन पानं त्याच दारातून गेली. कारण नाव घेऊन हाक मारली की कोण पुढे येणार हे टेक् ठरवत नाही, यंत्र ठरवतं. टाइप्स्ट या नव्या सॉफ्टवेअरने मधला मार्ग धरलाय. चार फॉन्ट प्रोग्रॅमच्या पोटातच ठेवलेत, म्हणजे काहीही न सांगता लिहिलेला रोमन दस्तऐवज जगात कुठेही सारखा येतो. मात्र त्या पोटातल्या फॉन्टांत देवनागरी नाही.

तुम्ही असं करा. फॉन्टची फाइल पुस्तकाच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि फॉन्टला नावाने न बोलावता त्या फाइलीच्या पत्त्याने बोलवा. टेक्-वर उभारलेल्या लाटेक् या आज्ञासंचात फॉन्टस्पेक नावाची जोडणी ही सोय देते. टाइप्स्टमध्ये यंत्रावरच्या फॉन्टांकडे दुर्लक्ष कर, असं सांगणारा पर्याय आहे. आवृत्तीचा आकडा एका चिठ्ठीत लिहून त्याच फोल्डरमध्ये टाका. मुक्त परवान्याचा फॉन्ट असेल तर तो सहसंपादकाला पाठवायला काहीच आडकाठी नाही. शेवटचं प्रूफ होईपर्यंत फॉन्ट बदलायचा नाही, मग त्याची नवी आवृत्ती कितीही देखणी का असेना.

प्रश्न : छापून आलेल्या पुस्तकात ‘ॲसिड’ या शब्दाच्या सुरुवातीला चौकोनी डबा आहे. पडद्यावर, लिब्रेऑफिसमध्ये, तोच मजकूर व्यवस्थित दिसत होता. असं कसं?

उत्तर : ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आलं. त्याआधी केलेल्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टांत ते नाहीच. लिब्रेऑफिसला हे अक्षर तुमच्या फॉन्टमध्ये मिळालं नाही, तेव्हा त्याने दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून उसनं आणलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. बारकाईने पाहिलं असतं तर त्या एका अक्षराची शिरोरेषा केसभर जाड दिसली असती. पुढे पुस्तक लावणाऱ्याने मजकूर झीटेक्-मध्ये नेला. झीटेक् उसनवारी करत नाही. फॉन्टमध्ये अक्षर नसलं तर नसल्याची खूण, म्हणजे डबा, छापतं.

दोन्ही वागण्यांना आपापलं कारण आहे. कार्यालयीन पत्र लिहिणाऱ्याला डबा नको असतो. कुठलं का असेना, अक्षर वाचता आलं पाहिजे. पुस्तक करणाऱ्याला परका फॉन्ट नको असतो. माझी नाराजी उसनवारीवर नाही, मूकपणावर आहे. आणि त्यात टेक्-ही धुतल्या तांदळासारखं नाही. हे अक्षर या फॉन्टमध्ये नाही, अशी ओळ ते लिहायचं, पण कुठे? लॉगच्या, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइलीत, शेकडो ओळींच्या गर्दीत. ती फाइल कोण वाचतं? आता निदान ट्रेसिंग-लॉस्ट-चार्स या आज्ञेला 3 हे मूल्य देता येतं. टेक्-लाइव्ह या टेक्-च्या वार्षिक संचात 2021 पासून असं केलं की अक्षर सापडलं नाही तिथे काम थांबतं आणि चूक म्हणून समोर येतं. माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पाच ओळींत ही आज्ञा असते. टाइप्स्टही मुळात उसनवारी करतं, पण ती बंद करता येते. बंद करून एकदा फाइल चालवा, डबे मोजा आणि मग हवं तर चालू करा.

प्रश्न : ‘डोंगरदऱ्या’ या शब्दात एका सॉफ्टवेअरमध्ये आडवा अर्धा र येतो, दुसऱ्यात रफार. दोष सॉफ्टवेअरचा की फॉन्टचा?

उत्तर : तिसरा एक आरोपी तुम्ही सोडलात : मजकूर.

दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा. हा फरक मराठी वाचकाला कळतो, यंत्राला तो कळवावा लागतो, आणि कळवण्याच्या दोन पद्धती युनिकोडने मान्य केल्या आहेत. एक : नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दोन : साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, मग य. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा सापडत नाही.

हा अदृश्य जोडक फार नाजूक. एका कादंबरीचा मजकूर चार ठिकाणांहून चिकटवून आला होता, त्यात नको ती अदृश्य चिन्हं भरपूर होती. मी शून्य रुंदीची झाडून सगळी चिन्हं उडवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, चालवली, आणि स्वतःवर खूश झाले. कादंबरीतल्या सगळ्या डोंगरदऱ्यांचे डोंगरदर्या झाले, वाऱ्यावरचं गवत वार्यावर गेलं, आणि जिथे लेखकाने ॲ जुन्या पद्धतीने, अ आणि जोडक घालून लिहिला होता तिथे चंद्र अधांतरी लटकला. मुद्रितशोधकांनी पहिल्या प्रुफात समासात एवढंच लिहिलं : ‘समुद्र फार झालेत.’

मजकूर शाबूत असेल तर मग बाकीच्या दोघांकडे वळू. ओपनटाइप या फॉन्ट बांधण्याच्या आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं व्याकरण दोन ठिकाणी विभागलंय. वेलांटी अक्षराच्या आधी न्यायची, रफार शेवटी नेऊन डोक्यावर ठेवायचा, हे आकार देणाऱ्या प्रोग्रॅमला माहीत असतं. क आणि ष मिळून कोणतं चित्र काढायचं, हे फॉन्टला माहीत असतं. दोघांचं सूत जुळलं तरच शब्द नीट येतो. वर देवनागरीसाठी जुनी खूण आणि नवी खूण असे दोन करार आहेत. फॉन्ट जुन्या कराराचा आणि प्रोग्रॅम फक्त नव्याचा, असं झालं की जोडाक्षरं तुटतात.

याच्या उलट मांडणी एसआयएल या संस्थेच्या ग्रॅफाइट या पद्धतीची. तिथे सगळं व्याकरण फॉन्टच्या पोटात असतं, प्रोग्रॅम निमूटपणे सांगेल ते करतो. कुठल्याही दुर्मीळ लिपीला हे वरदान, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दखल घेण्याची वाट बघावी लागत नाही. पण मग प्रत्येक फॉन्ट करणाऱ्याने रफाराचा नियम नव्याने लिहायचा आणि प्रत्येकाने आपापली चूक करायची. जग ओपनटाइपकडे गेलं. मला ते पटतं, कारण हार्फबझ हा आकार देणारा एकच मुक्त प्रोग्रॅम आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस आणि झीटेक् या सगळ्यांत बसलाय. रफाराची चूक एकदा दुरुस्त झाली की सगळीकडे दुरुस्त होते. (नावही गमतीचं : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडा. ओपनटाइपचं फारसी भाषांतर.)

तेव्हा आधी शब्द कॉपी करून त्यातला ऱ कोणता ते पाहा. मग तोच शब्द त्याच फॉन्टमध्ये फायरफॉक्समध्ये उघडा. तिथे बरोबर आला तर फॉन्ट निर्दोष, आणि तुमचं दुसरं सॉफ्टवेअर एकतर जुनं आहे किंवा त्याला लिपी सांगायची राहिली आहे. लाटेक्-मध्ये फॉन्ट मागताना लिपी देवनागरी असं लिहिलं नाही, तर जोडाक्षरं जुळतच नाहीत. हे आपणहून का ओळखत नाही, असं मला नेहमी विचारतात. ओळखू शकेल. पण टेक्-ची परंपरा विचारल्याशिवाय न बोलण्याची आहे.

प्रश्न : साध्या कादंबरीसाठी झीटेक् घ्यावं, लुआटेक् की टाइप्स्ट?

उत्तर : आधी माझी एक दुरुस्ती. गेल्या अंकात मी लिहिलं होतं की ओळीतल्या पोकळ्या बुजवण्यासाठी अक्षरं किंचित रुंद-अरुंद करण्याची सोय टेक्-च्या सगळ्या नव्या अवतारांत आहे. एका वाचकाने झीटेक्-वर करून पाहिलं आणि नकार मिळाल्याचं कळवलं. वाचकाचं बरोबर आहे. हान थे थान यांनी ही सोय पीडीएफटेक् या टेक्-च्या थेट पीडीएफ काढणाऱ्या अवतारात आणली, त्यावरचा त्यांचा प्रबंध 2000 सालचा आहे. लुआटेक्-ने ती पुढे चालवली. झीटेक्-मध्ये विरामचिन्हं समासात किंचित बाहेर ढकलता येतात, अक्षरं ताणता येत नाहीत. झीटेक् आख्खा शब्द हार्फबझला देतं आणि जुळून आलेला शब्द एकसंध ठोकळा म्हणून परत घेतं. आतल्या अक्षरांत ते फारसं बोट घालत नाही.

लुआटेक्-चा स्वभाव नेमका उलटा. फॉन्ट कसा वाचायचा हेसुद्धा इंजिनात नाही, ते लुआ भाषेत बाहेर लिहिलेलं. हवं तिथे हात घाला. या मोकळेपणामुळे देवनागरीचं सगळं व्याकरण लुआत पुन्हा लिहावं लागलं, आणि ते हार्फबझइतकं भरवशाचं कधी झालं नाही. शेवटी 2020 च्या टेक्-लाइव्हपासून लुआलाटेक्-सोबतही (लुआटेक्-वर चालणारं लाटेक्) हार्फबझ आलं. पण ते आपोआप लागू होत नाही; फॉन्ट मागताना रेंडरर हार्फबझ, असं स्पष्ट लिहावं लागतं. मराठीसाठी लुआटेक् वापरून निराश झालेल्या निम्म्या लोकांनी हा एक शब्द लिहिलेला नसतो, असा माझा अंदाज.

टाइप्स्ट 2023 मध्ये खुलं झालं. हार्फबझचाच रस्ट भाषेतला अवतार त्यात आहे, त्यामुळे जोडाक्षरांची काळजी नको. बदल केला की पान डोळ्यांसमोर हलतं, आणि चूक झाली तर माणसाला कळेल अशा भाषेत सांगतं. टेक्-चे चूकसंदेश वाचून केस पांढरे झालेल्या मला याचं अप्रूप आहे. पण आवृत्ती अजून शून्याने सुरू होते, आणि लिहिण्याच्या पद्धती बदलत राहतात. आजची फाइल दहा वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी उघडायची असेल, तर आजचा प्रोग्रॅमही फाइलीशेजारी जपून ठेवा.

परिच्छेद जुळवण्यात तिघांचाही वंश एकच. क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी 1981 मध्ये मांडलेली रीत ओळीमागून ओळ न भरता आख्खा परिच्छेद एकदम तोलते. तिसरी ओळ सैल पडू नये म्हणून पहिल्या ओळीत तडजोड करते. पानांच्या बाबतीत टेक् तसं करत नाही. तेव्हाच्या यंत्रांची स्मृती तेवढी नव्हती, म्हणून पान भरलं की सोडून दिलं जातं. ती गरिबी संपून जमाना झाला, सवय राहिली. परिच्छेदाची एकाकी शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर दिसली की मला त्या जुन्या यंत्रांची आठवण होते.

तर नुसत्या मजकुराच्या कादंबरीला झीटेक्. चित्रं फार असतील तर स्क्रायबस हे पानमांडणीचं मुक्त सॉफ्टवेअर, पण 2024 ची 1.6 किंवा पुढची आवृत्तीच घ्या. आधीच्या स्थिर आवृत्तीत मराठी जोडाक्षरं सरळ तुटत.

प्रश्न : पीडीएफमधून ‘धर्म’ कॉपी केला तर ‘धमर्’ चिकटतो. वेलांट्याही एक अक्षर आधी येतात. शोधही चालत नाही.

उत्तर : पीडीएफमध्ये शब्द नसतात, चित्रांची रांग असते. रफार म च्या डोक्यावर, म्हणजे म काढून झाल्यावर काढला जातो, म्हणून कॉपी करताना तो म च्या मागे येतो. ‘कि’ची वेलांटी क च्या डावीकडे काढतात, म्हणून ती आधी. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं, आणि पीडीएफ कागदासाठीच जन्माला आली.

यावर उपाय असा की प्रत्येक चित्रसमूहाखाली मूळ मजकूर लपवून ठेवायचा. त्याला अॅक्चुअल टेक्स्ट म्हणतात. झीटेक्-मध्ये ही सोय आहे पण मुळात बंद असते. चालू करण्याची आज्ञा एका ओळीची. बंद का, तर फाइल फुगते आणि काही वाचकप्रोग्रॅम शब्द निवडताना आडमुठेपणा करतात. लुआटेक्-मध्ये हार्फबझ निवडलं की जिथे गरज आहे तिथे हा मजकूर आपोआप ठेवला जातो. छपाईला जाणाऱ्या फाइलीत मी तो घालत नाही. वाचकाला द्यायच्या फाइलीत न चुकता घालते, कारण दृष्टिहीन वाचकाचं यंत्र ‘धमर्’ असंच मोठ्याने वाचतं.

प्रश्न : फॉन्ट सुंदर आहे, पण ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणाचे आणायला फॉन्टच बदलावा का?

उत्तर : घाई करू नका, बऱ्याच फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं की फॉन्ट आपली वळणं पुढे करतो. लाटेक्-मध्ये भाषा मराठी लिहा, टाइप्स्टमध्ये भाषेची खूण मराठीची द्या, लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा. नुसतं देवनागरी म्हटलं तर फॉन्टने कुणाची बाजू घ्यायची?

तरीही हे भाषा सांगणं जिथे पोचतच नाही अशी सॉफ्टवेअरं आहेत. टिरो देवनागरी या कुटुंबात म्हणून मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट मिळतात ते सोयीचे पडतात : मराठीचा लावला की मराठी वळण, प्रोग्रॅम कितीही बहिरा असो. लोहित फॉन्ट उलट दिशेने गेले. आधी मराठीचा वेगळा होता, मग सगळे एका देवनागरी फॉन्टमध्ये विलीन केले. सांभाळणाऱ्याला एकच फाइल बरी वाटते, वापरणाऱ्याला तीन.

प्रश्न : मुक्त परवान्याचा फॉन्ट वापरला तर पुस्तकही मुक्त करावं लागतं का?

उत्तर : नाही. एसआयएलच्या ओपन फॉन्ट परवान्यात हे स्पष्ट लिहिलंय. फॉन्ट पीडीएफमध्ये बसवला तरी पुस्तक तुमचंच. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि बदल केलात तर राखीव नाव वापरता येत नाही, या मुख्य अटी. जीपीएल या सॉफ्टवेअरसाठीच्या मुक्त परवान्याचा फॉन्ट असेल तर त्यासोबत फॉन्टसाठीची सवलत जोडली आहे का, ते वाचून घ्या.

प्रश्न : माझ्या पुस्तकात काही ओळींमधलं अंतर मध्येच वाढतं. बारा पॉइंटाला साडेचौदाचं अंतर ठेवलं आहे.

उत्तर : साडेचौदा हे रोमनचं माप आहे. लाटेक्-ने ते आपल्या गळ्यात घातलं आणि आपण ते उतरवत नाही.

टेक् दोन ओळींत तुम्ही सांगितलेलं अंतर ठेवतं, पण वरच्या ओळीचा तळ खालच्या ओळीच्या डोक्याला टेकायला लागला तर ते अंतर मोडून खालची ओळ ढकलतं. वरच्या ओळीत ‘उद्धृत’ असेल आणि खाली ‘मूर्तींची’, तर पहिल्यात द, ध आणि ऋकार खाली उतरलेले, दुसऱ्यात वेलांटी, रफार आणि अनुस्वार वर चढलेले. मुळात त्या दोन शब्दांची गाठ एकाखाली एक पडायलाही लागत नाही. टेक् फक्त ओळीची एकूण उंची बघतं. एक शब्द डावीकडे, दुसरा उजवीकडे असला तरी ओळ ढकलली जाते. समोरासमोरच्या पानांवरच्या ओळी मग एका रेषेत येत नाहीत.

ढकलणं बंद करता येतं, पण मग एखाद्या ठिकाणी अक्षरं खरोखर भिडली तर कुणी सांगणार नाही. टाइप्स्टने हाच दुसरा पर्याय निवडलाय : तिथे ओळीचा माथा फॉन्टमधल्या रोमन कॅपिटल अक्षराच्या उंचीवर धरतात आणि तळ अक्षररेषेवर. अंतर अगदी समान राहतं, कारण रफार आणि उकार हिशेबातच नाहीत! ही मोजणी बदलून प्रत्यक्ष अक्षरांच्या कडांवर नेता येते, आणि नेली की टेक्-सारखीच असमानता परत येते.

मी बाराला अठरा ठेवते, काही पारंपरिक वळणाच्या फॉन्टांना एकोणीस. प्रकाशक पानं वाढतात म्हणून कुरकुरतात. नवा फॉन्ट आला की चाचणीसाठी माझी एकच जोडी ठरलेली आहे : वर ‘उद्धृत’, बरोबर त्याच्याखाली ‘मूर्तींची’. अंतर सतरापासून पाव-पाव पॉइंटाने वाढवत जाते, आणि ऋकार व अनुस्वार यांच्यामध्ये कागद दिसायला लागला की तो आकडा फोल्डरमधल्या त्या चिठ्ठीवर, फॉन्टच्या आवृत्तीखाली लिहून ठेवते.